आजोबांची बावीसची रायफल आणि हललेला दस्ता

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा. आणि आधीच सांगतो, फोटो टाकलेला नाही आणि टाकणारही नाही. बंदुकीसोबत फोटो टाकणाऱ्यांची आपल्याकडे काही कमी नाही, त्यात माझी भर नको.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. १२ ऑक्टोबर २०२४. आमच्या घरी खंडेनवमी-दसऱ्याला पाटावर काय काय मांडतात ते तुमच्याकडच्यासारखंच. कोयता, विळा, पाना-पक्कड, पोरीचा लॅपटॉप, आणि एका बाजूला कापडात गुंडाळलेली आजोबांची रायफल. पॉइंट बावीस. गावाकडची जुनी माणसं तिला नुसतं 'बावीसची' म्हणतात. वर्षातून एकदा कपाटातून बाहेर येते, तेलाचा हात फिरतो, हळद-कुंकू लागतं आणि परत कुलपात जाते.

यावेळी पुसायला मुलगी बसली. ती एनसीसीत आहे. कॅम्पमध्ये त्यांना पॉइंट बावीसच्याच रायफलीवर नेमबाजी शिकवतात, त्यामुळे तिचा हात सराईत आहे. तिने पहिल्यांदा बोल्ट मागे ओढून आत बोट घालून बघितलं, रिकामी आहे ना. मग नळी एका हातात आणि लाकूड दुसऱ्या हातात धरून जरा पिळल्यासारखं केलं. आणि म्हणाली,

"बाबा, दस्ता हलतोय की ओ."

मी म्हटलं, "जुनी आहे, हलणारच थोडी."

"थोडी नाही. हे बघा. ट्रिगर लाकडाला घासतोय. कॅम्पवर अशी रायफल आली असती तर सरांनी बाजूला ठेवायला लावली असती."

मी बघितलं. खरंच होतं. लोखंड आणि लाकूड यांच्यात नख जाईल एवढी फट पडली होती. पंधरा वर्षं मी या रायफलीला दरवर्षी तेल लावतोय आणि पंधरा वर्षांत मला हे दिसलं नव्हतं. पोरीला दोन मिनिटांत दिसलं.

आता तुम्ही म्हणाल, एक स्क्रू आवळायचा त्यात काय एवढं. मीही तेच म्हटलं. स्क्रू-ड्रायव्हर आणला, खालचा मोठा स्क्रू जोर लावून अर्धा आटा फिरवला. दस्ता घट्ट झाला. मी विजयी मुद्रेने पोरीकडे बघितलं. आणि तेवढ्यात लाकडातून बारीक 'कट्' असा आवाज आला. स्क्रूच्या मागच्या बाजूला दोन बोटं लांब केसासारखी चीर पडली होती.

आजोबांची रायफल मी माझ्या हाताने चिरली. दसऱ्याच्या दिवशी.

---

थोडं मागे जातो, म्हणजे ही रायफल आमच्या घरी का आहे ते कळेल.

आमचं मूळ गाव अक्कलकोटच्या बाजूचं. आज ते नुसतं महाराष्ट्रातलं एक गाव आहे, पण १९४८ पर्यंत थोडं पलीकडे गेलं की निजामाची हद्द लागायची. रझाकारांच्या काळात सरहद्दीवरच्या गावांनी काय सोसलं ते सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. त्या काळात पलीकडून जीव मुठीत धरून आलेली माणसं आपल्या शहरात आणि आसपास राहिली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापुरातूनच जनरल चौधरींचं सैन्य नळदुर्गाच्या दिशेने गेलं आणि पाच दिवसांत निजामाने हत्यार खाली ठेवलं. आजोबा तेव्हा ऐन पंचविशीत होते. ते सांगायचे, रात्री गच्चीवर दगडांचा ढीग आणि गोफणी घेऊन बसायचो. गावात बंदूक एकच, तीही ठासणीची.

त्याचं कारणही होतं. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा केला. गोऱ्या माणसाला सूट आणि आपल्या माणसाला परवाना, अशी त्याची रीत. सोलापूरने तर पुढे १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ सोसला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्याच १९३१ साली काँग्रेसच्या कराची अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा, असंही एक कलम होतं. गांधी-नेहरूंच्या काँग्रेसचा ठराव बरं का. पुढे राज्यघटनेत तो हक्क काही आला नाही. मात्र १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला, १९६२ पासून तो लागू झाला, आणि आजही तोच चालू आहे.

आजोबांना परवाना मिळाला १९५६ साली. रायफल घेतली ती बर्मिंगहॅमची, बीएसए. हो, तीच बीएसए. आपल्याला ते नाव सायकलमुळे माहीत, पण मूळ कंपनी बंदुकांचीच. नावातच 'स्मॉल आर्म्स' आहे आणि त्यांच्या खुणेत एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली असायच्या. आजोबा या रायफलीने फार काही करायचे अशातला भाग नाही. बावीसची म्हणजे धाक दाखवायलाही लहानच. पिकातले ससे हाकलायला आणि रात्री शेतावर आधार म्हणून बरी, एवढंच.

मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला. १९७९ ला नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तेव्हापासून रायफल शेतावर नेणं बंद केलं. आजही ज्वारीत काळविटांचा कळप शिरला की आम्ही डबा बडवतो, फटाका लावतो. वैताग येतो, नाही असं नाही. पण ज्या माळावर कधी काळी माळढोक चरत होते तिथे आज एखादा दिसला तर पेपरात बातमी येते, हेही डोळ्यासमोर आहे. अण्णा म्हणायचे, "ती रायफल आता म्हातारी झाली, तिला पेन्शनवर ठेवलीय."

अण्णा २००९ ला गेले. मग परवाना माझ्या नावावर आला.

---

इथे एक कामाची गोष्ट सांगतो, कारण निदान चार-पाच घरांत मी हा घोळ बघितलाय.

परवानाधारक माणूस गेला की त्याची बंदूक आपोआप मुलाची होत नाही. शेतीवर वारस लावतात तसं हे नाही. माणूस गेल्यावर विनाविलंब ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. मग वारसाने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. मिळाला तर बंदूक परत, नाही तर ती रीतसर विकायची किंवा देऊन टाकायची. "बाबांची आठवण आहे, असू दे कपाटात" म्हणून ठेवली तर ते बेकायदेशीर शस्त्र ठरतं. आठवण म्हणून ठेवली होती हे कोर्टात चालत नाही. एवढंच काय, दहावा-तेरावा झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांची वर्षं कशी जातात तेही मी पाहिलंय.

दुसरं. २०१६ च्या नियमांत एक सोय आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली, किंवा ते शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. ज्यांचे वडील थकलेत त्यांनी याचा विचार करा.

तिसरं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. आणि लग्नात-वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलम त्यात स्पष्ट घातलंय. हे वरातीवाल्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितोय.

---

तर रायफल चिरली. आता दुरुस्त करायची कोणाकडे?

माझ्या डोक्यात पहिला आला तो आमचा नेहमीचा सुतार. हात सोन्याचा. देव्हारा त्यानेच केला, सागवानी दारं त्यानेच केली. त्याला फोन लावणार तेवढ्यात पोरगी म्हणाली, "बाबा, कायदा बघा आधी." बघितला. शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात बंदूक बनवणं आणि विकणं यांच्याच रांगेत 'दुरुस्त करणं' हा शब्दही आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. म्हणजे सुताराच्या हातात रायफल दिली असती तर मीही अडकलो असतो आणि तो बिचाराही, आणि त्याला कळलंही नसतं का अडकलो.

तीन दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीत शस्त्रं जमा करायचा विषय निघतो. खरं तर आयोगाच्या सूचना सरसकट सगळ्यांची जमा करा अशा नाहीत, छाननी समितीने बघून ठरवायचं असतं. मला नोटीस आली, मी जमा केली, पावती घेतली, निकालानंतर परत मिळाली. तक्रार काही नाही. फक्त चिरलेला दस्ता जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून नेताना बर्फावरून मढं नेल्यासारखं वाटत होतं, एवढं खरं.

परत आल्यावर शोधाशोध सुरू केली. परवाना असलेला बंदूक-मिस्त्री. चार ठिकाणी फोन केले. एके ठिकाणी म्हणाले, मिस्त्री वारले, मुलगा एसी दुरुस्तीत गेला. एके ठिकाणी दुकान आहे, पण फक्त विक्री. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यात एक चाचा सापडले. नाव-गाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. वय पंचाहत्तरच्या पुढे. वडील, आजोबा सगळे याच कामातले, आणि आजोबांनी म्हणे संस्थानी शिकारखान्याच्या बंदुका बसवलेल्या. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, त्या काळी हे काम केवढं असायचं.

जानेवारीत गाडी काढून पोरीला घेऊन गेलो. चाचांनी आधी परवाना मागितला. रायफलीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळवला, रजिस्टरला नोंद केली, माझी सही घेतली. मग बोल्ट काढून बाजूला ठेवला, नळीतून उजेड बघितला आणि मगच लाकडाला हात लावला.

"कुणी आवळला हा?"

"मीच."

"सैल झालं की आवळायचं, एवढंच येतं ना सगळ्यांना." रागाने नाही म्हणाले, थकून म्हणाले. "साहेब, स्क्रू सैल नव्हताच. लाकूड बसलं होतं."

मग त्यांनी स्क्रू काढला आणि लोखंड वर उचललं. खाली लाकडाच्या खाचेत काळ्या रबराचा एक तुकडा निघाला. सायकलच्या ट्यूबचा. कात्रीने नीट कापलेला, स्क्रूसाठी मधे गोल भोकही पाडलेलं.

मी तो तुकडा बघताच ओळखला. म्हणजे तुकडा नाही, ते कापणं ओळखलं. अण्णा घरातली सगळी दुरुस्ती ट्यूबच्या तुकड्याने करायचे. नळाचा वायसर ट्यूबचा, कुकरच्या मुठीखाली ट्यूब, शिलाई मशीनच्या पायाखाली ट्यूब. कधीतरी दस्ता हलायला लागला असणार आणि त्यांनी कोणाला न विचारता, कुठे न नेता, रात्री बसून हे केलं असणार. त्यांनाही मिस्त्री सापडला नसेल, किंवा पैसे नसतील. आमच्या शिक्षणाची वर्षं होती ती.

चाचांनी रबर चिमट्यात धरून दाखवलं. "ह्याच्यानं घोटाळा केला. रबर तेल पितं, फुगतं, मऊ होतं. वरनं घट्ट वाटतं पण आतून लोखंड डुलतं. आणि खाली घाम धरून गंज चढतो, बघा." खरंच, रबर जिथे टेकलं होतं तेवढ्याच भागात लोखंडावर तांबूस डाग होते.

मी काहीच बोललो नाही. अण्णांची चूक होती असं म्हणवेना, आणि नव्हती असंही म्हणता येईना.

---

दस्ता का सैल होतो ते चाचांनी समजावलं. लाकूड आणि लोखंड दोन वेगळ्या स्वभावाची. आपल्या सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत अक्रोडाचं लाकूड आकसतं. पावसाळ्यात परत थोडं फुगतं. सत्तर वर्षं हे चाललंय. वर आपण दरवर्षी प्रेमाने तेलाने न्हाऊ घालतो. ते तेल लोखंडावरून खाली उतरून लाकडात मुरतं आणि लाकूड भिजलेल्या भाकरीसारखं मऊ पडतं. मग स्क्रू आवळला की लाकूड दबतं. दबलं की परत सैल. परत आवळा, परत दबतं. शेवटी दबायला काही उरलं नाही की चिरतं.

"आणि रायफल कपाटात उभी कशी ठेवता?"

"नळी वर करून."

"म्हणून सगळं तेल दस्त्यात. तेल लावायचं तर बोटावर थेंब, आणि कोरड्या फडक्यानं पुसून टाकायचं."

त्यांनी केलेलं काम असं. लाकडावर खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून लेप दिला. लेप वाळला की तेल ओढून पिवळा पडतो, मग खरवडायचा आणि नवा द्यायचा. हे आठवडाभर चाललं. म्हणून रायफल त्यांच्याकडे नोंदीवर ठेवून आम्ही परत आलो. चिरेत पातळ चिकट भरून दाबून बांधून ठेवलं आणि आतून आडवी पितळी खिळ घातली, म्हणजे चीर पुढे सरकणार नाही. स्क्रू जातो त्या भोकात पितळेची नळी बसवली. आता स्क्रू आवळला की तो पितळेवर आवळला जातो, लाकडाला दाबत नाही. शेवटी लोखंडाला मेणाचा हात देऊन खाचेत ॲराल्डाइटसारखं मिश्रण भरलं आणि लोखंड त्यात बसवून वाळू दिलं. मेणामुळे लोखंड चिकटत नाही, पण त्याचा अचूक साचा तयार होतो. ट्रिगरभोवतीची खाच केसभर मोकळी केली.

दोनच सूचना दिल्या. एक, स्क्रू हाताला लागेल तेवढाच आवळायचा, वर जोर नाही. दोन, रिकाम्या रायफलीचा घोडा सोडून 'खट्' करायचं नाही. हे मला नवीन होतं, आणि मी तर दर दसऱ्याला ते करायचो. बावीसच्या काडतुसात मसाला बुडाच्या मधोमध नसतो, कडेच्या गोल पाळीत असतो. म्हणून तिला रिमफायर म्हणतात. पिन त्या कडेवर मारते. काडतूस नसेल तर पिन सरळ नळीच्या तोंडाच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. १८८७ पासून हे काडतूस तसंच चालत आलंय आणि आजही जगात सगळ्यात जास्त वापरलं जाणाऱ्यांपैकी ते एक. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्य घेतलं ते याच बावीसच्या रिमफायरवर. तेजस्विनी सावंत २०१० ला विश्वविजेती झाली तीही यावरच.

---

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी ही एवढी मोठी पोस्ट.

मी बंदुकीचा समर्थक म्हणून हे लिहीत नाहीये. घरात शस्त्र असणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. रागाचा, दुःखाचा एक वाईट क्षण आणि कपाटाची किल्ली हाताशी, असं झालेली घरं आपण पाहिलीत. म्हणून आमच्याकडे रायफल एका कुलपात, बोल्ट दुसऱ्यात, आणि काडतुसं घरात ठेवतच नाही. हिने तर चीर पडल्याच्या दिवशीच सांगितलं होतं, "देऊन टाका सरकारला. दुरुस्त कशाला करताय?" तिचं म्हणणं चूक नव्हतं. आजही नाही. ज्यांनी रीतसर देऊन टाकली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

पण ठेवायची असेल तर ती धड असली पाहिजे, एवढं माझं म्हणणं. आणि आपली व्यवस्था नेमकी याच बाबतीत डोळे मिटून आहे. मी आजवर जितक्या वेळा नूतनीकरण केलं तितक्या वेळा कागद बघितले गेले, चारित्र्य पडताळणी झाली, नंबर जुळवला गेला. हे सगळं हवंच. पण रायफल यंत्र म्हणून सुरक्षित आहे का, ट्रिगर घासतोय का, दस्ता हलतोय का, हे कोणी एकदाही विचारलं नाही. रिक्षाला पासिंग लागतं. गावच्या जत्रेतल्या पाळण्यालाही कोणीतरी तपासून दाखला देतो. मग सत्तर वर्षांच्या रायफलीला का नाही?

आणि तपासायचं ठरवलं तरी तपासणार कोण? चाचांचा मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. परदेशी बंदुकांची आयात ऐंशीच्या दशकापासूनच व्यापाऱ्यांना बंद, त्यामुळे सुटे भाग येत नाहीत. जुन्या बंदुका जुन्या मिस्त्र्यांच्या हातावरच चालल्यात आणि ते हात आता थरथरतायत. चाचा म्हणाले, शिकायला पोरगं ठेवावं तर त्याचीही आधी पडताळणी, कागद, चकरा. कोण येणार आठ हजारांत? मी त्यांना दोष देऊ शकत नाही आणि पडताळणी नको असंही म्हणू शकत नाही.

मग होतं काय? कायदा पाळणारा माणूस एकतर अण्णांसारखं ट्यूबचा तुकडा घालतो, नाहीतर माझ्यासारखा स्क्रू आवळतो. आणि ज्याला कायद्याशी देणंघेणंच नाही तो गावठी कट्टा घेऊन हिंडतो. त्याला ना परवाना, ना नूतनीकरण, ना मिस्त्री.

माझी मागणी साधी आहे. पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, त्यासोबत परवानाधारक मिस्त्रीकडून शस्त्र तपासल्याचा एक कागद मागा. जिल्ह्यात मिस्त्री नसेल तर वर्षातून एकदा पोलीस मुख्यालयाच्या आवारात तपासणीचं शिबिर घ्या. पोलीस दलाकडे स्वतःचे शस्त्र-कारागीर असतातच, त्यांचा हात लागू दे. फी घ्या, आम्ही देऊ. आणि ज्यांना शस्त्र नको झालंय त्यांना त्याच शिबिरात, चौकशीची भीती न दाखवता, जमा करू द्या. मला वाटतं बरीच कपाटं रिकामी होतील.

---

फेब्रुवारीत रायफल घरी आली. दस्ता नळीला असा बसलाय की दोन्ही एकाच झाडातून काढल्यासारखं वाटतं. चीर मात्र दिसते. चाचांना विचारलं, पॉलिशमध्ये लपवता आली नसती का? म्हणाले, "आली असती. पण राहू द्या. पुढच्यानं जपून आवळावं."

रबराचा तुकडा त्यांनी फेकायला घेतला होता, तो मी मागून घेतला. तो आता परवान्याच्या फाइलमध्ये आहे, पावत्यांच्या मागे.

मुलीने गाडीत हिशोब मांडला. माझ्या नावावर रायफल २००९ पासून, म्हणजे पंचवीस वर्षं २०३४ ला होतील. माझी सत्तरी त्यानंतर येते. म्हणजे २०३४ ला मी तिच्या नावाने अर्ज करू शकतो. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची असेल. परवान्याला एकवीस पूर्ण लागतात, तो प्रश्न नाही. सुरक्षेचं प्रशिक्षणही ती करेल म्हणते.

मी विचारलं, "तुला खरंच हवीय का ही? की आजोबांची म्हणून?"

ती थोडा वेळ गप्प बसली. टोलनाका गेला. मग म्हणाली, "माहीत नाही बाबा. तेव्हा ठरवते. पण तोपर्यंत तुम्ही तो स्क्रू आवळू नका."

कबूल केलंय.

ज्यांच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या नावावरचं शस्त्र अजून कपाटात आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर परवान्यावरची तारीख आणि नाव बघा. माणूस हयात नसेल तर उद्याच जवळच्या पोलीस ठाण्यात जा. तपासणी शिबिराची मागणी पटत असेल तर तसं खाली लिहा. बऱ्याच जणांचं मत जमलं की निवेदन तयार करून मी स्वतः नेऊन देतो.